‘जरी’ लिहिले की ‘बट’ नको : इंग्रजीतील वेळेची आणि कबुलीची वाक्ये, भुसावळच्या उदाहरणांसह

भुसावळ : बारावीच्या बोर्डाचा पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो. लेखी ८० आणि उरलेले २० असे १०० गुण. त्यातल्या व्याकरणाच्या प्रश्नांत ‘दो वापरून वाक्य पुन्हा लिहा’, ‘नो सूनर दॅन वापरा’, ‘ॲज सून ॲज वापरा’ अशा सूचना वर्षानुवर्षे येत आहेत. बारावी झाली म्हणून त्यातून सुटका होते असेही नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ गुणांचे. म्हणजे २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे. ज्या भरतीत अर्ध्या गुणावर नाव यादीच्या आत-बाहेर होते, तिथे हे ५० गुण काय करतात ते निकालाच्या दिवशी कळते.

यावल, रावेर, बोदवड, मुक्ताईनगर या तालुक्यांतून रोज एसटीने नाहीतर गाडीने भुसावळात शिकायला येणारी मुले-मुली या प्रश्नांवर अडखळतात, ती शब्द माहीत नसतो म्हणून नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ आणि ‘दो’ म्हणजे ‘जरी’ हे सातवीतल्या पोराला ठाऊक असते. घोटाळा होतो तो मराठी वाक्य आहे तसे उचलून इंग्रजीत ठेवल्याने. मराठीत हे शब्द जोडीने चालतात. जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, जोपर्यंत-तोपर्यंत. गावाकडचे जवा-तवा म्हणतील, जोडी तीच. इंग्रजीत मात्र ही गाडी एकाच बैलावर चालते. दुसरा जुंपला की वाक्य उलटते.

हा एवढा फरक नीट डोक्यात बसला तर निम्म्या चुका जागेवर थांबतात. बाकी निम्म्या काळाच्या, म्हणजे क्रियापदाच्या आहेत. त्याही पुढे येतीलच. इंग्रजी वाक्ये इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. वहीत उतरवताना ती इंग्रजी स्पेलिंगने लिहावीत, नाहीतर वाचल्याचे समाधान फक्त मिळेल.

गाडी येईल, पण इंग्रजीत ‘विल’ नाही

भुसावळ जंक्शनवर वाढलेल्या पोराला वेळेची वाक्ये शोधायला पुस्तक लागत नाही. इथून एक फाटा नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे, आणि मुंबईकडचा मार्ग तर आहेच. गाडी येते, थांबते, सुटते, चुकते. हीच चार क्रियापदे घेऊन बसावे.

‘जेव्हा गाडी येईल, तेव्हा आपण निघू.’ याचे इंग्रजी बहुतेक वह्यांत असे सापडते : ‘व्हेन द ट्रेन विल कम, देन वुई विल लीव्ह.’ यात दोन चुका आहेत. ‘तेव्हा’ साठी घातलेला ‘देन’ हा दुसरा बैल, तो सोडून द्यायचा. आणि ‘व्हेन’च्या वाक्यात ‘विल’ येत नाही, गोष्ट पुढे होणारी असली तरी साधा वर्तमानकाळ येतो. बरोबर वाक्य : ‘व्हेन द ट्रेन कम्स, वुई विल लीव्ह.’

हा नियम शिक्षक सांगतात, मुले पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात, कारण तो परका वाटतो. खरे म्हणजे तो तितका परका नाही. घरात ‘जेव्हा गाडी येईल तेव्हा’ असे कोण बोलते? ‘गाडी आली की निघू’ असेच बोलतात. गाडी अजून यायची आहे, तरी तोंडात ‘आली’. म्हणजे आपली बोली सुद्धा पहिल्या अर्ध्या भागात भविष्यकाळ वापरत नाही, पुस्तकी मराठी वापरते. इंग्रजी करायच्या आधी वाक्य मनातल्या मनात ‘की’ वर आणावे. ‘लाइट आली की’, ‘भाव वाढला की’, ‘निकाल लागला की’. तिथे ‘येईल, वाढेल, लागेल’ नाही, म्हणून इंग्रजीतही ‘विल’ नाही. ‘विल’ फक्त दुसऱ्या भागात, मुख्य वाक्यात. हाच नियम ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अनटिल’, ‘ॲज सून ॲज’, ‘वन्स’, ‘बाय द टाइम’ या सगळ्यांना लागू आहे.

एक अपवाद मुलांना नेहमी गोंधळात टाकतो. ‘गाडी कधी येईल ते मला माहीत नाही’ : ‘आय डोंट नो व्हेन द ट्रेन विल कम.’ इथे ‘विल’ चालतो. कारण हा ‘जेव्हा’ नाही, ‘कधी’ आहे. वेळ सांगितलेली नाही, विचारलेली आहे. मराठीत ‘जेव्हा’ आणि ‘कधी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना ‘व्हेन’. इथे मराठी जास्त स्पष्ट आहे, तिचा फायदा घ्यावा.

थांबते न थांबते तोच

‘नो सूनर’ हा परीक्षेचा लाडका. गाडी थांबताच फेरीवाले आत चढले. ‘ॲज सून ॲज द ट्रेन स्टॉप्ड, द हॉकर्स गॉट इन.’ हे सोपे. आता ‘नो सूनर’ वापरा म्हटले की ‘नो सूनर द ट्रेन स्टॉप्ड’ असे लिहून पोरं मोकळी होतात आणि गुण जातो.

‘नो सूनर’ वाक्याच्या सुरुवातीला आले की लगेच पुढे मदतीचे क्रियापद येते, प्रश्न विचारताना येते तसे. ‘डिड द ट्रेन स्टॉप’ हा प्रश्न, त्याच्या डोक्यावर ‘नो सूनर’ ठेवायचे. ‘नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन द हॉकर्स गॉट इन.’ ‘डिड’ आला म्हणून ‘स्टॉप्ड’चा ‘स्टॉप’ झाला, भूतकाळ एकदाच लागतो. आणि जोडीला ‘दॅन’, ‘व्हेन’ नाही. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे, आणि ‘पेक्षा’ साठी इंग्रजीत ‘दॅन’ लागतो, हे ध्यानात ठेवले की पाठांतर लागत नाही. उलट ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ मध्ये तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’ : ‘हार्डली हॅड द ट्रेन स्टॉप्ड व्हेन द हॉकर्स गॉट इन.’ इथे ‘हॅड’ आहे, म्हणून ‘स्टॉप्ड’ तसाच राहिला.

‘नो’ हा नकार आला कुठून असेही काही मुले विचारतात. आपल्याकडेही ‘गाडी थांबते न थांबते तोच’ म्हणतात ना. त्या मधल्या ‘न’ला कोणी नकार समजत नाही. तसाच हा ‘नो’.

‘अनटिल’ आणि आपला ‘नाही’

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि कागदावर सगळ्यांत जास्त महाग पडते. ‘जोपर्यंत गाडी थांबत नाही, तोपर्यंत उतरू नका.’ मराठीत दोन नकार आहेत, आणि ते बरोबर आहेत. त्याचे इंग्रजी ‘डू नॉट गेट डाउन अनटिल द ट्रेन डज नॉट स्टॉप’ असे लिहिले जाते. इंग्रजीत याचा सरळ अर्थच लागत नाही. लावायचाच म्हटला तर गाडी न थांबण्याची वाट पाहा असा होतो, म्हणजे नेमका उलटा. ‘अनटिल’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. म्हणून : ‘डू नॉट गेट डाउन अनटिल द ट्रेन स्टॉप्स.’

मराठीत यालाही दुसरी वाट आहे, ‘थांबेपर्यंत’. ‘गाडी थांबेपर्यंत उतरू नका.’ इथे एकच नकार राहिला. इंग्रजी करण्याआधी वाक्य ‘-पर्यंत’वर आणले तर ती ‘नाही’ आपोआप गळते. करेपर्यंत, येईपर्यंत, सुकेपर्यंत.

हे फक्त पेपरापुरते नाही. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर घडी घातलेले बारीक अक्षरांचे माहितीपत्रक येते. फवारा वाळेपर्यंत शेतात जाऊ नका, शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस होईपर्यंत तोडणी करू नका, अशा अर्थाच्या सूचना त्यात असतात. इंग्रजीतली सूचना बहुतेक घरांत कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगीच वाचून दाखवते. डब्यावरच्या चौकोनाचा रंग सगळ्यांना कळतो, लाल म्हणजे जास्त जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाक्याचा अर्थ मात्र ‘अनटिल’वर लटकलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, व्याकरण हे कारण नव्हते. पण सूचना नीट वाचता येण्याची किंमत काय असते ते तेव्हापासून कोणाला सांगावे लागत नाही.

‘अनटिल’च्या शेजारीच ‘अनलेस’ बसतो, आणि दोघांची अदलाबदल होते. कारण मराठीत ‘-शिवाय’ दोन्हीकडे चालतो. ‘सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही.’ इथे वेळ मोजायची असेल, म्हणजे सिग्नल मिळणारच आहे पण तोवर थांबा, तर ‘अनटिल’. मिळेल की नाही याचीच शंका असेल, म्हणजे अट असेल, तर ‘अनलेस’. रेल्वेच्या १९७६ च्या ‘जनरल रूल्स’ या नियमपुस्तकात असे अटीचे आणि वेळेचे शब्द सारखे भेटतात. भुसावळात झोनल रेल्वे ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, बाहेरगावचे कर्मचारी इथे प्रशिक्षणाला येतात. त्यांच्या नियमात ‘तोवर’ आणि ‘तरच’ यांतला फरक म्हणजे रुळावरचा फरक असतो.

‘पासून’ म्हटले की ‘हॅव’

‘लग्न झाल्यापासून ती भुसावळात राहते.’ मराठीत ‘राहते’ हा वर्तमानकाळ आहे, म्हणून ‘शी लिव्ह्ज इन भुसावळ सिन्स शी गॉट मॅरीड’ लिहिले जाते. नाहीतर ‘शी इज लिव्हिंग’. इंग्रजीत मागून सुरू होऊन आजवर चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागतो : ‘शी हॅज लिव्ह्ड इन भुसावळ सिन्स शी गॉट मॅरीड.’ ‘सिन्स’च्या भागात भूतकाळ, मुख्य भागात ‘हॅज’. आणि ‘पाच वर्षांपासून’ असेल तर ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ नाही, ‘फॉर फाइव्ह इयर्स’. सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’, मुदत सांगितली तर ‘फॉर’.

‘सिन्स’ कारणही सांगतो. ‘फाटक बंद असल्याने आम्ही थांबलो’ : ‘सिन्स द गेट वॉज क्लोज्ड, वुई वेटेड.’ इथे ‘हॅव’चा संबंध नाही. आधी ‘पासून’ की ‘म्हणून’ ते ठरवावे, मग काळाकडे जावे.

जाता जाता ‘बाय द टाइम’. ‘आम्ही स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली होती’ : ‘बाय द टाइम वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आधी झालेल्या गोष्टीला ‘हॅड’. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत गाडी नेहमीच सुटलेली असते आणि डॉक्टर यायच्या आत रोगी नेहमीच दगावलेला असतो. ते मनावर न घेता ‘हॅड’ कुठे लागला ते बघावे.

रूळ कोण ओलांडत होते?

‘व्हाइल’ म्हणजे ‘असताना’. ‘व्हाइल द गेट इज क्लोज्ड, डू नॉट क्रॉस.’ यात अडचण नाही. अडचण आहे ती ‘-ताना’ला सरळ ‘व्हाइल’ आणि ‘-इंग’ लावण्यात. ‘रूळ ओलांडताना रेल्वेने तरुणाला धडक दिली’ ही बातमी खान्देशातल्या वाचकाने कितीदा वाचली असेल सांगता येत नाही. मराठीत कोण ओलांडत होते हे वाचणाऱ्याला कळते. तेच इंग्रजीत ‘व्हाइल क्रॉसिंग द ट्रॅक, द ट्रेन हिट द यूथ’ केले की रूळ ओलांडणारी गाडी ठरते. इंग्रजीत ‘-इंग’ मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटते. म्हणून कर्ता सांगून मोकळे व्हावे : ‘व्हाइल द यूथ वॉज क्रॉसिंग द ट्रॅक, द ट्रेन हिट हिम.’ बातमी लिहिणारे सुद्धा इथे फसतात.

‘व्हाइल’ला आणखी एक अंग आहे. ‘जळगाव सोन्यासाठी ओळखले जाते, तर भुसावळ रेल्वेसाठी.’ हा ‘तर’ इंग्रजीत ‘व्हाइल’ होतो : ‘जळगाव इज नोन फॉर गोल्ड, व्हाइल भुसावळ इज नोन फॉर द रेल्वे.’ इथे वेळ नाही, तुलना आहे. वेळेच्या वाक्यांतून दुसऱ्या प्रकाराकडे जाणारा रस्ता असा ‘व्हाइल’वरूनच जातो.

कन्सेशन म्हणजे सवलत नव्हे

‘क्लॉज ऑफ टाइम’ समजते. ‘क्लॉज ऑफ कन्सेशन’ म्हटले की एसटीचे तिकीट आठवते. व्याकरणात ‘कन्सेशन’ म्हणजे कबूल करणे. एक गोष्ट कबूल करायची, आणि तिच्यामुळे जे व्हायला पाहिजे होते ते झाले नाही हे सांगायचे. पाऊस पडला हे कबूल, तरी विहीर भरली नाही. मराठी व्याकरणात, मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ मध्येही, ‘जरी-तरी’ ही जोडी ‘जर-तर’च्या शेजारी संकेतबोधक अव्ययांत बसवलेली आहे. इंग्रजीत अटीचे घर वेगळे आणि कबुलीचे वेगळे.

‘जरी पाऊस पडला, तरी विहीर भरली नाही.’ ‘दो इट रेन्ड, बट द वेल डिड नॉट फिल.’ शंभर वह्या तपासल्या तर हा ‘बट’ किती ठिकाणी भेटेल ते शिकवणीवाल्या सरांना विचारावे. नियम एकच : ‘दो’ घेतला तर ‘बट’ नाही, ‘बट’ घेतला तर ‘दो’ नाही. ‘दो इट रेन्ड, द वेल डिड नॉट फिल.’ किंवा ‘इट रेन्ड, बट द वेल डिड नॉट फिल.’ जुन्या पुस्तकांत ‘दो’बरोबर ‘यट’ आढळतो आणि तो चुकीचा नाही, पण ‘बट’ कुठल्याही पुस्तकात चालत नाही. ‘ऑल्दो’ म्हणजेही ‘दो’च, किंचित कपडे घातलेला.

बोलताना आपण ‘जरी’ गाळतो. ‘पाऊस पडला तरी विहीर भरली नाही.’ म्हणजे बोलीत इथेही एकच शब्द उरला. पण तो दोन वाक्यांच्या मधोमध असतो, आणि मधोमध आला म्हणून मुलांना ‘बट’सारखा वाटतो. ‘तरी’चे ओझे ‘दो’ एकटा, वाक्याच्या तोंडाशी बसून वाहतो, हे चार-पाच वाक्ये लिहिली की हाताला कळते.

‘दो’चा भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. मागे गेला तर बहुतेक वेळा लागत नाही. मराठीत ही विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात, आणि ती त्यांनी इंग्रजीवरूनच आणली. त्यामुळे स्वल्पविरामाच्या बाबतीत मराठी माध्यमाच्या मुलाला घाबरायचे काही कारण नाही.

भाव पडला तरी

आता जिथे मराठी आणि इंग्रजीची वाट खरोखर फुटते ती जागा. दोन वाक्ये बघा. ‘भाव पडला तरी केळी विकली.’ ‘भाव पडला तरी केळी विकावी लागेल.’ पहिला अर्धा भाग दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा आहे. पण पहिल्या वाक्यात भाव खरोखर पडला होता. दुसऱ्यात पडेल की नाही माहीत नाही, पडला तर काय करायचे एवढे ठरवले आहे. मराठीत हा फरक शेवटच्या क्रियापदावरून कळतो, ‘विकली’ की ‘विकावी लागेल’. इंग्रजी तो पहिल्या शब्दातच सांगून टाकते. घडलेली गोष्ट असेल तर ‘इव्हन दो’, न घडलेली असेल तर ‘इव्हन इफ’. ‘इव्हन दो द प्राइस फेल, वुई सोल्ड द बनानाज.’ ‘इव्हन इफ द प्राइस फॉल्स, वुई विल हॅव टू सेल द बनानाज.’ दुसऱ्यात ‘पडला’चे ‘फॉल्स’ झाले. आपल्या ‘आली की’सारखेच हे आहे, रूप भूतकाळाचे आणि गोष्ट उद्याची.

केळी झाडावर धरून ठेवता येत नाही, त्यामुळे रावेर-यावलच्या घरात हे दुसरे वाक्य दरवर्षी बोलले जाते. कराराच्या किंवा विम्याच्या इंग्रजी कागदात ‘इव्हन इफ’ दिसला तर समजावे की अजून न झालेल्या नुकसानीबद्दलही आताच लिहून घेतले आहे. सही करण्याआधी ‘तरी’ कुठला आहे ते विचारून घ्यावे, इंग्रजी येत असो वा नसो.

कायद्याच्या भाषेत हाच ‘तरी’ भारदस्त पोशाखात येतो. ‘नॉटविदस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन’ अशी सुरुवात असलेले कलम भेटते. सरकारी मराठीत त्याचे ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असे ठरलेले भाषांतर आहे. अर्थ साधा : बाकीची कलमे काही म्हणोत, पुढे जे लिहिले आहे ते वरचढ. सर्व्हे नंबर, कर्ज, भूसंपादन यांचे कागद वाचताना असे वाक्य दिसले की तिथेच बोट ठेवून थांबावे, कारण आधी वाचलेले सगळे तिथे फिरू शकते.

असूनही आणि कितीही

‘दो’ काढून ‘इन स्पाइट ऑफ’ वापरा, हा प्रश्नही ठरलेला. ‘इन स्पाइट ऑफ’च्या पुढे पूर्ण वाक्य येत नाही, नाम येते किंवा ‘-इंग’. मराठीतला ‘-ऊनही’ इथे बरोबर बसतो. ‘ताप असूनही ती पेपरला गेली’ : ‘इन स्पाइट ऑफ हॅविंग फीव्हर, शी वेंट फॉर द एक्झाम.’ हाच अर्थ ‘डिस्पाइट’नेही येतो, पण ‘डिस्पाइट’च्या मागे ‘ऑफ’ लावायचा नाही. तो ‘इन स्पाइट ऑफ’वरून चुकून इकडे आलेला असतो.

एक खड्डा मात्र आहे. ‘पाऊस पडूनही विहीर भरली नाही.’ मराठीत पडणारा पाऊस आणि न भरणारी विहीर, कर्ते दोन असले तरी ‘पडूनही’ चालून जाते. इंग्रजीत ‘इन स्पाइट ऑफ रेनिंग, द वेल’ म्हटले की पडणारी विहीर होते. मघाच्या रूळ ओलांडणाऱ्या गाडीचीच ही बहीण. तिथे ‘-इंग’ सोडून नाम घ्यावे : ‘इन स्पाइट ऑफ द रेन, द वेल डिड नॉट फिल.’

‘कितीही’साठी ‘हाउएव्हर’. ‘तो कितीही वेगाने धावला तरी त्याला गाडी सापडली नाही’ : ‘हाउएव्हर फास्ट ही रॅन, ही कुड नॉट कॅच द ट्रेन.’ ‘फास्ट’ हा शब्द ‘हाउएव्हर’ला चिकटून हवा. ‘हाउएव्हर ही रॅन फास्ट’ ही रचना चूक, कारण मराठीतही ‘कितीही तो वेगाने’ असे कोणी म्हणत नाही. ‘कितीही’ आणि ‘वेगाने’ एकत्रच राहतात.

सराव कसा करायचा

मागच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले. पद्धत सरळ होती, मराठीचे इंग्रजी करा आणि इंग्रजीचे परत मराठी. आजच्या गाइडात रिकाम्या जागा भरायला असतात, त्यातून खूण करता येते पण वाक्य बांधता येत नाही. या दोन प्रकारांसाठी तरी जुनी पद्धत जास्त उपयोगी आहे. रोज पाच वाक्ये घरातल्या बोलण्यातून घ्यावीत. इंग्रजी करावीत, मराठी झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी इंग्रजीवरून परत मराठी करावे. मूळ वाक्य परत आले नाही तर कुठे गळाले ते सापडते. स्टेशनवर गाडीची वाट पाहण्यात वेळ जातोच, तिथली उद्घोषणा तीन भाषांत होते. ती कान देऊन ऐकणे हाही फुकटचा सराव आहे.

पुढची आठ वाक्ये आधी स्वतः करून बघावीत, उत्तरे खाली आहेत.

१. मालगाडी निघून गेल्यावर फाटक उघडले.
२. लाइट आली की मोटार सुरू कर.
३. पैसे असूनही त्याने बियाणे घेतले नाही. (‘दो’ वापरा.)
४. बाजार बंद असला तरी केळी कापावी लागेल.
५. वडील आजारी पडल्यापासून तोच शेत पाहतो.
६. जोपर्यंत साहेबांनी सही केली नाही, तोपर्यंत तो दारातच उभा होता.
७. घंटा वाजते न वाजते तोच पोरं वर्गाबाहेर पळाली.
८. ती कितीही हळू बोलली तरी आजीला ऐकू येते.

उत्तरे :

१. ‘आफ्टर द गुड्स ट्रेन हॅड पास्ड, द गेट वॉज ओपन्ड.’
२. ‘स्टार्ट द मोटर ॲज सून ॲज द पॉवर कम्स.’ ‘विल कम’ लिहिले असेल तर ‘गाडी आली की’ हा भाग पुन्हा वाचावा.
३. ‘दो ही हॅड मनी, ही डिड नॉट बाय द सीड.’
४. ‘इव्हन इफ द मार्केट इज क्लोज्ड, द बनानाज विल हॅव टू बी कट.’ बाजार बंद आहे हे नक्की माहीत असेल तर ‘इव्हन दो’.
५. ‘ही हॅज लुक्ड आफ्टर द फार्म सिन्स हिज फादर फेल इल.’
६. ‘ही स्टूड ॲट द डोअर अनटिल द ऑफिसर साइन्ड.’ मराठीतला ‘नाही’ गेला, ‘डिड नॉट साइन’ नको.
७. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रेन रॅन आउट ऑफ द क्लास.’
८. ‘हाउएव्हर सॉफ्टली शी स्पीक्स, ग्रँडमदर कॅन हिअर हर.’ मराठीत ‘बोलली’ आहे म्हणून ‘स्पोक’ लिहिण्याचा मोह होतो. आजीला रोजच ऐकू येते, म्हणून ‘स्पीक्स’. आणि इथल्या ‘हळू’चे ‘स्लोली’ केले तर आजी बहिरी नाही, पोरगी सावकाश बोलते असा अर्थ निघेल.